तुझा गुरुवार मी गायलो

आई, परवा दुपारी ताईचा फोन आला. रायपूरहून. मी जेवून बाहेरच्या खोलीत आडवा झालो होतो, कूलरच्या घरघरीत आधी रिंग ऐकूच आली नाही. तिने माझी तब्येत विचारली, नागपुरात ऊन किती आहे ते विचारलं, आणि मग म्हणाली, "बाबू, टीव्हीवर ते चहावालं पाहिलं का तू?" मी पाहिलं होतं. सगळ्यांनीच पाहिलं आहे. एक आई आणि तिची लग्न झालेली मुलगी स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसून चहा पितात, मुलगी काहीतरी सांगते, आई हसते, आणि मागे माझं गाणं वाजतं. माझ्या आवाजात नाही, कुणा नव्या मुलीच्या आवाजात, चारच ओळी. गाण्याचे हक्क कॅसेट कंपनीकडे आहेत, त्यामुळे मला कुणी विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती. तीस वर्षं लोक ते गाणं प्रेमात पडलेल्या दोघांचं समजून गात आले. लग्नात गातात, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गातात. आणि जाहिरात करणाऱ्या कुणा अनोळखी माणसाला, काहीएक माहीत नसताना, त्यात आई आणि मुलगी दिसली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टीव्ही बंद केला आणि रिमोट हातात धरून तसाच बसून राहिलो. ताईने पुढे जे विचारलं ते सांगतोच. पण आधी बाकीचं सांगू दे. तू गेल्यावर माझं काय झालं ते तुला ठाऊक नाही, आणि त्याआधीचं जे तुला ठाऊक होतं ते आपण कधी बोललो नाही.

गिटार तूच आणली होतीस. हिंगण्याच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तू पोळ्या आणि भाजीवर होतीस. सकाळी सहाच्या कंपनीच्या बसने जायचीस आणि पाचच्या बसने परत यायचीस. तिथल्या कुणा साहेबाची बदली झाली, त्यांच्या क्वार्टरमधलं नको असलेलं सामान कॅन्टीनच्या मागच्या खोलीत येऊन पडलं, त्यात ती गिटार होती. तू ती मागून घेतलीस आणि बटाट्याच्या पोत्यात गुंडाळून बसमधून आणलीस. बसमधले लोक तुला म्हणाले होते, "मावशी, आता ऑर्केस्ट्रा काढता काय?" हे सांगताना तू पदराने तोंड झाकून हसत होतीस. सहा तारांपैकी चारच तारा होत्या आणि त्याही गंजलेल्या. "वाजवता येते काय तुले?" तू विचारलंस. मी नाही म्हणालो. "मंग शीक. नाही तर तुहे बाबा माळ्यावर फेकतील." मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. त्या वयात मला काहीच येत नव्हतं आणि काही यावं असं कुणाला फारसं वाटतही नव्हतं. तुला वाटलं.

नागपुरातच सदर भागात एक म्हातारे मास्तर होते, चर्चमध्ये वाजवायचे, त्यांच्याकडे मी जायला लागलो. ते मला जुन्या इंग्रजी कॅसेटी ऐकवायचे. संथ गाणी, गिटार हळू, ड्रम काठीने न वाजवता ब्रशने घासल्यासारखा, आणि गाणारा माणूस जणू समोरच्या खुर्चीत बसून बोलतो आहे. मला ते फार आवडलं. घरी मी तसंच गायला लागलो. बाबा कपडे बदलता बदलता म्हणाले, "हा असा काहून गाते? बाजूच्या खोलीत पेशंट झोपला आहे काय?" तू एकदा स्वयंपाकघरातून विचारलंस, "याच्यात कोणी ओरडत काहून नाही गा?" मी म्हणालो, "हे असंच असते आई. याले सॉफ्ट रॉक म्हणतात." तू क्षणभर विचार केलास आणि म्हणालीस, "बरं आहे. ओरडणारे घरात आहेत न." बाबांनी ऐकलं आणि तेही हसले. त्या घरात आपण चौघं हसायचो, हे मी आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

बाबांबद्दल मला वाईट लिहायचं नाही. ते एसटी डेपोत कंट्रोलर होते आणि दिवसभर माइकवरून गाड्या पुकारायचे. रामटेक, पारशिवनी, सावनेर, काटोल. प्रत्येक गावाच्या नावाआधी ते एवढासा थांबायचे, की फलाटावरचा माणूस हातातलं काम सोडून ऐकायचा. पुढे मोठ्या मोठ्या लोकांनी माझ्या गाण्यातल्या थांबण्याचं कौतुक केलं. ते मी डेपोच्या बाकावर बसून शिकलो होतो. मी हे बाबांना कधी सांगितलं नाही, आणि त्यांना ते समजलं असतं असंही वाटत नाही.

मग ताईने लग्न केलं. कामठीच्या पॉवरलूमवर काम करणारा तो मुलगा आपल्या समाजातला नव्हता, एवढाच त्याचा दोष. बाबांनी तिचा फोटो भिंतीवरून काढला आणि जेवायला बसताना सांगितलं, "आपल्याले एकच पोरगा आहे." बस, एवढंच. आवाजही चढवला नाही. त्यानंतर दोन वर्षं तू घरात हसली नाहीस. मी मास्तरांकडे जायचो, हिंदीत गाणी लिहायचो, बगीचा, चांदणं, बेवफाई, जे मी पाहिलं नव्हतं ते सगळं. मास्तर ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकदा वैतागून म्हणाले, "बेटा, माँ से खाना जिस ज़बान में माँगता है, उसमें लिख ना." मी घरी येऊन लिहायला बसलो. पण घरात तर कुणी बोलतच नव्हतं.

तो गुरुवार आठवतो तुला? तुझा चष्मा घरी राहिला होता. बाबांची ड्युटी होती, मी मित्राची मोटरसायकल घेऊन हिंगण्याला आलो. तीन वाजले असतील. जेवणाची गडबड संपलेली, कॅन्टीनच्या पुढच्या भागात खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. मागून हसण्याचा आवाज आला आणि मी जागेवरच थांबलो, कारण तो तुझा होता. मागच्या दाराच्या पायरीवर तू आणि ताई बसल्या होतात, मध्ये स्टीलचे दोन पेले. आत तांदळाच्या पोत्यांवर दुपट्यात गुंडाळलेलं एक लेकरू झोपलं होतं. मला भाची झाली आहे हे मला तेव्हा कळलं. ती दहा महिन्यांची झाली होती.

तू उठलीस, पुन्हा बसलीस. "आला तर आता बस," म्हणालीस. ताई माझ्याकडे बघून तुला म्हणाली, "मोठा झाला वं आई हा. मिशा ठेवल्या यानं." आणि ती रडायला लागली, आणि तू तिच्या पाठीवर हात ठेवून मलाच ओरडलीस, "पाह्यतो काय? चहा ओतून घे." कॅन्टीनचा ठेकेदार गुरुवारी येत नसे, म्हणून ताई गुरुवारी यायची. कामठीहून नागपुरात बर्डीपर्यंत एक बस, तिथून हिंगण्याची दुसरी, पोरीला काखेत घेऊन. एक तास बसायची आणि जायची. आठ महिने हे चाललं होतं. तुझ्या हाताला आल्याचा वास यायचा आणि ताई तो हात नाकाशी धरून बसली होती, लहानपणी धरायची तसा. निघताना ती म्हणाली, "मागच्या दाराले कडी नको लावू आई, पुढच्या गुरुवारी लवकर येतो." ती गेल्यावर तू मला विचारलंस, "बाबाले सांगशील काय?" मी म्हणालो, नाही. "माही शप्पथ?" "तुही शप्पथ."

मी बाबांना सांगितलं नाही, आई. मी गाणं लिहिलं.

चार दिवस लागले. आधी चाल आली, हळूच, पायरी उतरल्यासारखी. मग ओळी आल्या, आणि त्या मला लिहाव्याच लागल्या नाहीत. मागच्या दाराले कडी नको, गुरुवारी मी येईन, पेल्यात चहा अर्धा ठेव, मी हसून पिऊन घेईन. दुसऱ्या कडव्यात पोत्यावर झोपलेली चिमणी होती आणि आल्याचा वास असलेला हात होता. मी मास्तरांना ऐकवलं. ते चष्मा काढून पुसत राहिले. गाणं चांगलं झालं आहे हे मला कळत होतं. आजही त्यातला एक शब्द मी बदलणार नाही. मी स्वतःला समजावलं की यात कुणाचं नाव नाही, हे कुणाचंही असू शकतं, कुणी मुलगी, कुणी मुलगा. तुला विचारावं असं एकदा मनात आलं होतं. तू नाही म्हणशील हे माहीत होतं, म्हणून विचारलं नाही.

महिन्याभराने आमच्या तिघांच्या बँडचा कार्यक्रम होता. मी, एक बेस गिटारवाला आणि एक ड्रमवाला. संध्याकाळी सहाची वेळ, हॉल जवळजवळ भरलेला, आणि मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस ऐकायला आला होता. कधी नव्हे ते बाबा आले. तूच त्यांना आणलंस. "पोरगा गाऊन राहिला, एकदा तर पाहून घ्या," असं म्हणून तू त्यांना तयार केलं होतंस, हे नंतर कळलं. तिसऱ्या रांगेत तुम्ही बसला होतात, बाबा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, तू हिरव्या साडीत. आम्ही पाच गाणी बसवली होती. शेवटी कोणतं घ्यायचं ते माझ्यावर होतं. दुसरं एक गाणं तयार होतं, बरंही होतं. मी तुमच्याकडे पाहिलं. मग कंपनीचा माणूस जिथे बसला होता तिकडे पाहिलं. मग गिटारवर ती चाल सुरू केली. लाईट डोळ्यांवर होता, काही दिसत नव्हतं, असं मी पुढे एका मुलाखतीत सांगितलं होतं. मला सगळं दिसत होतं.

पहिल्या ओळीला बाबांनी काही केलं नाही. दुसऱ्या कडव्यात, चिमणीच्या ओळीला, त्यांनी मान वळवली आणि तुझ्याकडे पाहिलं. तू स्टेजकडेच बघत होतीस, हात मांडीवर एकात एक घातलेले. ते गाणं संपेपर्यंत तुझ्याकडे बघत राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, उभे राहून वाजवल्या, कंपनीचा माणूस स्टेजमागे आला, माझा हात धरून हलवत राहिला. मी बाहेर आलो तेव्हा तुम्ही ऑटोने निघून गेला होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर सात वाजले होते आणि तू घरातच होतीस. कणीक मळत होतीस. कंपनीची बस निघून गेलेली. मी विचारलं, "आज नाही गेली?" तू म्हणालीस, "नाही." मी विचारलं, "उद्या?" तुझे हात थांबले नाहीत. "आता नाहीच. ऑटोत त्यायनं विचारलं, गुरुवारी कोण येते. मी खोटं नाही बोलली." मी दारातच उभा होतो. म्हणालो, "मी नाव नाही घेतलं आई." तू मान वर केलीस. मला वाटलं होतं तू चिडशील, आणि मी ते सोसायला तयार होतो. पण तू अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "नावाचं काय घेऊन बसला. माहा एक गुरुवार होता रे तो. बाकीचे सहा दिवस मी त्याच्यावर राहत होती." मग कणकेवर ओलं फडकं टाकलंस, हात धुतलेस आणि माझ्याकडे पाठ करून म्हणालीस, "गाणं चांगलं झालं." मला आजपर्यंत मिळालेल्या सगळ्या शिव्यांपेक्षा ते वाक्य जास्त लागलेलं आहे.

बाबांनी पंधरा दिवसांची रजा टाकली आणि घरी बसले. तुला ते काही बोलत नव्हते, फक्त घरी होते. तू मला परसात गाठलंस. "कामठीले जाऊन ये. तिले सांग, सध्या येऊ नको म्हणा, आई काहीतरी जमवते म्हणा. पोरीले घेऊन उन्हात येईल ते." मी हो म्हणालो. कंपनीचा निरोप त्याच दिवशी आला होता, लगेच मुंबईला या, गाणं रेकॉर्ड करायचं आहे. मी तुला म्हणालो, "मुंबईहून आलो की जातो." तू म्हणालीस, "आधी नाही जमत काय?" मी म्हणालो, तिकीट झालं आहे. कामठी आपल्या घरापासून बसने एक तास. मी त्या दिवशी बर्डीला जाऊन नवीन शर्ट घेतला होता, त्यालाही तेवढाच वेळ लागला असेल.

मुंबईत मी सहा आठवडे होतो. स्टुडिओत एक संगीत जुळवणारे गृहस्थ होते, त्यांचं म्हणणं, "दाराले" नको, "दाराला" करा, पुण्या-मुंबईच्या लोकांना कळलं पाहिजे. मी तीन दिवस भांडलो. म्हणालो, माझी आई असंच बोलते, हा शब्द निघाला तर गाणंच काढून टाका. शेवटी त्यांनी हात टेकले. त्या "ले"साठी मी तीन दिवस दिले, आणि लोक अजून त्याबद्दल मला मान देतात. कामठीसाठी मी एक दुपार दिली नव्हती.

परत आलो तर तू वाट बघून स्वतःच कामठीला जाऊन आली होतीस, देवळाचं निमित्त करून. खोलीत दुसरेच भाडेकरू. शेजारणीने सांगितलं, ते लोक रायपूरकडे गेले, त्याला तिथे काम मिळालं, पत्ता माहीत नाही. हे तू मला एका वाक्यात सांगितलंस आणि ताट वाढलंस.

मग कॅसेट आली आणि गाणं चाललं, आई. चाललं म्हणजे काय, ते माझ्या हातातून सुटलं. रेडिओवर, ट्रॅव्हल्सच्या गाड्यांत, हेअर कटिंगच्या दुकानात. मी गावोगाव फिरलो, पुण्यात, इंदूरला, बडोद्याला, मुलंमुली पहिल्या सुरालाच किंचाळायची, आणि मी डोळे मिटून तुझ्या पायरीवरचा चहा त्यांना वाटायचो. डेपोबाहेरच्या पानठेल्यावर ते दिवसातून दहा वेळा वाजायचं, आणि बाबा त्याच्यावरून माइकवर गाड्या पुकारायचे. बेसवाल्याने मला हे हसत हसत सांगितलं होतं. मी मुद्दाम एकदा तिथे गेलो आणि लांबून ऐकलं. रामटेक म्हणण्याआधीचं त्यांचं ते थांबणं आता लांबलं होतं.

घरी ते रेडिओवर लागलं की तू बंद करायची नाहीस. उठून परसात जायचीस, वाळलेले कपडे पुन्हा झटकायचीस, गाणं संपलं की आत यायचीस. आणि मी घरात असलो की तू कामापुरतंच बोलायला लागलीस. भात घेतो का. गाडी किती वाजता आहे. एकदा शेजारच्या काकूंना तू काहीतरी रंगवून सांगत होतीस, दोघी हसत होतात, मी आत आलो आणि तू मध्येच थांबलीस. काकू म्हणाल्या, "सांग न वं, मंग काय झालं?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "नाही वं, काही नाही." मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. तुझं बरोबर होतं. मी खरोखरच कान देऊन आत आलो होतो.

त्यानंतर मी आणखी तीन अल्बम केले. त्यातली गाणी सुरात होती, वाजवणारे चांगले होते, पण लोक ऐकून शांत बसायचे आणि म्हणायचे, आता ते घ्या. दुसरं कुणाचं बोलणं मी ऐकत बसायचो, रेल्वेत, दवाखान्यात, पण परक्यांची वाक्यं परकीच राहायची. माझी बायको सहा वर्षं माझ्यासोबत होती. जाताना ती म्हणाली की तुमच्यासमोर भांडायचीही भीती वाटते. मी विचारलं, का? ते मला विचारायला नको होतं.

तुला झटका आला तेव्हा कॅसेट निघून सहा वर्षं झाली होती. अकरा दिवस तू दवाखान्यात होतीस, वाचा गेली होती, डोळे फक्त दाराकडे जायचे. चौथ्या दिवशी बाबा डेपोत गेले. रायपूरच्या गाडीवरच्या कंडक्टरांना एकेकाला धरून त्यांनी जावयाचं नाव सांगितलं, काम सांगितलं, म्हणाले, काहीही करा आणि शोधा. त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. ताई आली, पण बाराव्या दिवशी सकाळी आली. तोवर तू गेली होतीस, तुला घरी आणलं होतं. ती फाटकाजवळ उभी राहिली, आत येईना. बाबा उठले, तिच्या दंडाला धरून तिला आणलं आणि तुझ्या पायांशी आपली जागा तिला दिली. पुढे शेवटची दोन वर्षं ते तिच्याचकडे रायपूरला होते. तिने त्यांचं सगळं केलं. आंघोळ घातली, भरवलं. त्या गुरुवारांचा विषय त्यांनी तिच्याकडे कधी काढला नाही. हे तुझ्यासमोर झालं असतं तर, असं मी कितीदा मनात आणतो, पण त्याचा काही उपयोग नाही.

आता मी चोपन्नचा आहे. बाहेरच्या खोलीत गिटारच्या शिकवण्या घेतो, वर्षात पाच-सहा कार्यक्रम होतात. वरचा सूर लागत नाही. तिथे आलो की मी माइक लोकांसमोर धरतो आणि लोकच गातात. त्यांना वाटतं मी प्रेमाने धरला. अकरा वर्षांत एक नवीन ओळ लिहिलेली नाही.

तर परवा ताई जाहिरातीबद्दल बोलली, म्हणाली, "एकदम आपल्या कॅन्टीनसारखी पायरी दाखवली न?" मग म्हणाली, "बाबू, तू ते गाणं नंतर आठवण म्हणून लिहिलं, मले फार बरं वाटते त्याचं. तुले तरी आठवते." तिला असंच वाटतं. कॅसेट बाजारात आली तेव्हा ती रायपुरात होती, तिच्या मनात आधी दार बंद झालं आणि गाणं मागून आलं. मी ते तसंच राहू दिलं. मग तिने विचारलं, "एक सांगशील काय? आईनं दार बंद काहून केलं रे?" मी विचारलं, कोणतं दार. "मागचं. मी त्याच्यानंतर चार गुरुवार येऊन गेली. पोरीले घेऊन. दार बंदच होतं. पुढून विचारलं तर नवीन बाई होती, तिले काही माहीत नाही. चौथ्या गुरुवारी पायरीवर बसली थोडी, पोरीले पाणी पाजलं, आणि मंग उठली. आईले वाटलं असंन, आता पुरे झालं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. साठीला आलेली बाई, नातवंडं असलेली, तीस वर्षं हे मनात ठेवून आहे की आपल्या आईने आपल्याला कंटाळून दार लावलं. "मी नाराज नाही रे," ती म्हणाली. "फक्त काहून, तेवढं समजलं असतं तर."

मी म्हणालो, "मले माहीत नाही वं ताई. मी तेव्हा मुंबईले होतो." यातला दुसरा भाग खरा आहे. ती लगेच म्हणाली, "हो न, तू तर मुंबईले होता," आणि मला जेवण वेळेवर कर असं सांगून तिने फोन ठेवला.

त्या चार गुरुवारी मी तिचंच वाक्य माइकसमोर गात होतो. तिला हे सांगितलं तर तिला तिची आई परत मिळेल, दार न लावणारी. मी मात्र तिच्यासाठी उरणार नाही. हिशेब इतका सोपा आहे की लहान मुलालाही कळेल. परवापासून चार वेळा मी तिचा नंबर काढला आणि चार वेळा फोन खाली ठेवला. तू असतीस तर तूच सांगितलं असतंस, किंवा सांगितलं नसतंस, आणि दोन्हीपैकी काहीही केलं असतंस तरी ते बरोबर असतं. मला यातलं काहीच जमत नाही. तुझ्या नावाने हे लिहून काढलं, पण हे कुठे टाकायचं? आणि जिथे पाठवता येईल, त्या रायपूरच्या पत्त्यावर मी हे पाठवणार नाही, हे लिहायला बसलो तेव्हाच माहीत होतं.

आणखी एक, आई. फोन ठेवल्यावर मी रडलो वगैरे नाही. उठलो, वही शोधली आणि ताईचं वाक्य विसरायच्या आत लिहून ठेवलं, चार गुरुवार येऊन गेली, दार बंदच होतं. मग गिटार घेतली. संध्याकाळपर्यंत चाल लागली होती. चाल चांगली आहे.